दाईबुवाची न लागलेली झोप

आमच्या मामाबद्दल लोक सांगतात की त्याने एका दुपारी दीड हजार पिल्लं जिवंत भाजली. कुणी म्हणतं दारूच्या नशेत, कुणी म्हणतं मालकावर सूड म्हणून. कोपऱ्यावरचा केस कापणारा तर गिऱ्हाइकाची मान वाकडी धरून सांगतो, "भाजली ती भाजली, वर मीठ लावून चार खाल्लीसुद्धा. या डोळ्यांनी पाहिलंय!" त्याच्या या डोळ्यांनी काहीही पाहिलेलं नाही. त्या दुपारी तो दुकानातच होता आणि कुणाच्या तरी कानाला कात्री लावत होता.

खरं असं आहे की पिल्लं भाजून मेली नाहीत, गारठून आणि एकमेकांखाली गुदमरून मेली. दीड हजार नव्हे, चारशे बारा. दारूचं म्हणाल तर मामाला खोकल्याच्या औषधाचा एक चमचा घेतला तरी भिंत धरून चालावं लागतं. आणि ज्या एका गोष्टीवर फार्मवरच्या सगळ्यांचं, आधी खुद्द मालकाचंही, एकमत होतं, की तेव्हा त्याला डुलकी लागली होती, ती तर सगळ्यात मोठी थाप. तो टक्क जागा होता. पिल्लांपासून चार हातांवर, स्टुलावर बसून खाद्य चाळत होता. झोपेची ती थाप पहिल्यांदा मारली ती त्यानेच.

मामा बटेरांच्या फार्मवर होता. तिथे त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘दाईबुवा’ म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी तर बाहेरगावचे व्यापारी आले तरी "दाईबुवांना विचारून घ्या" असं अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत. अंडी उबवण्याच्या यंत्रातून निघालेलं पिल्लू मामाच्या हातात यायचं आणि तीन आठवड्यांनी अंगावर पिसं धरलेलं पाखरू होऊन पुढच्या शेडमध्ये जायचं. मधले तीन आठवडे त्याचे. घरी मामी विचारायची, "आलात? बाळं निजली का? मग आता घरच्या म्हातारीकडेही बघा जरा." म्हातारी म्हणजे ती स्वतः. मामा म्हणायचा, "बरं." मामाच्या शब्दकोशात हा एकच शब्द होता, पण तो त्याला तीस अर्थांनी वापरता यायचा.

त्याआधी एकवीस वर्षं तो पत्र्याची पिंपं बनवण्याच्या कारखान्यात होता. पिंपाचा तळ ठोकून बसवायचा, दिवसाला दोनशे. पहिल्या आठवड्यात मुकादमाने त्याला कानात घालायला कापूस दिला होता. शेजारचा ठोक्या हसून म्हणाला, "कापूस? तू काय बाळंतीण आहेस?" मामा तेव्हा वीस वर्षांचं पोरगं. त्याने कापूस काढून खिशात ठेवला आणि पुन्हा कधी घातला नाही. पुढे प्लास्टिकची पिंपं आली, कारखान्याला टाळं लागलं, आणि एकवीस वर्षं ठणठणाटात काढलेली ती माणसं बाहेरच्या शांत रस्त्यावर एकमेकांशी ओरडून बोलत आपापल्या घरी गेली.

फार्मच्या मालकाने त्याला घेतलं ते त्याचे हात बघून. मालक म्हणजे पोट पुढे, गुडघा अधू, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक शिक्का. "बटेराचं पिल्लू म्हणजे अंगठ्याचं पेर. कळलं का? दाबलंस तर मेलं, सोडलंस तर मेलं. कळलं का? कोंबडीचं पिल्लू चूक माफ करतं, हे नाही करत. कळलं का?" मामा म्हणाला, "बरं."

आणि त्याला खरंच कळलं. पिल्लांची खोली लांबट होती. खिडक्यांना गोणपाट, दाराला जाड पडदा, जमिनीवर भाताच्या तुसाचा थर, त्यावर खरबरीत पुठ्ठा. गुळगुळीत कागद चालत नाही, त्यावर पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि ते पुन्हा उभं राहत नाही. खोलीत पुठ्ठ्याची तीन गोल कुंपणं. गोलच, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात घुसतात आणि मागची पुढच्यांना चेपतात. प्रत्येक कुंपणावर टांगलेली पत्र्याची छत्री आणि तिच्या पोटात चार दिवे. पाण्याच्या उथळ ताटल्या, आणि ताटलीत काचेच्या गोट्या, कारण एवढ्याशा पाण्यातही ही मंडळी बुडून मरतात. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर. पहिले दोन दिवस अडतीस अंश, मग हळूहळू उतरवत जायचं.

पण थर्मामीटर मागाहून बोलतो. पिल्लं आधी बोलतात. पोटभर खाऊन, हवी तेवढी ऊब मिळालेली पाचशे पिल्लं एकत्र असली की एक बारीक कुजबूज चालू असते, लग्नघरातल्या मागच्या खोलीसारखी. फार गरम झालं की ती गप्प होतात, चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून लांब धरून पडतात. आणि गार झालं की किंचाळतात. ती किंचाळी सुईसारखी असते. आत पाऊल टाकायच्या आधी, दाराबाहेर चपला काढतानाच कळतं की कुठल्या तरी छत्रीचा दिवा गेला.

पहिली दोन-तीन वर्षं मामाला ती ऐकू यायची. पार बारीक, दूरच्या शेतातून आल्यासारखी, पण यायची. मग ती येईनाशी झाली, आणि इथेच त्याची जी चूक झाली ती पिल्लं वाढवणाऱ्या माणसाचीच होऊ शकते. आपल्याला ऐकू येत नाही असं त्याला वाटलंच नाही. त्याला वाटलं, पिल्लं शहाणी झाली. माणसांची बोलणी त्याला ऐकू येत होती, मालकाचं ‘कळलं का’ तर पार हाडांपर्यंत पोचत होतं, पाण्याचा पंप घरघरत होता, दाराची कडी वाजत होती. फक्त पिल्लं तेवढी रडेनाशी झाली होती. मग दुसरं काय समजायचं?

तो घरी येऊन सांगायचा, "आताची जात फार गरीब आहे. हूं की चूं नाही."

मामी म्हणायची, "तुमच्यावर गेली असतील."

फार्मवरही तो हेच सांगायचा. "माझ्या खोलीत पिल्लू रडत नाही." वाक्य खोटं नव्हतंच, त्याच्यापुरतं तर मुळीच नव्हतं. मालकाला ते इतकं आवडलं की तो व्यापाऱ्यांना ऐकवू लागला, "आमच्या दाईबुवाच्या खोलीत पिल्लू रडत नाही. कळलं का?" व्यापारी आत येत, पिल्लं चिवचिवत असत, व्यापारी हसत, मालक हसे, मामाही हसे. प्रत्येकाला वाटे की दुसरा विनोद करतोय.

खोलीत त्याच्या जोडीला एक बाई होत्या. ताटल्या धुणं, पाणी भरणं, ओला पुठ्ठा बदलणं हे त्यांचं काम, म्हणून त्या पाणीबाई. हात लाल, पदर खोचलेला, आणि तोंडाला विसावा नाही. "नाही म्हणजे दाईबुवा, मी काय म्हणते, या ताटलीत गोट्या चौदाच आहेत, काल पंधरा होत्या, म्हणजे एक गेली कुठे, गिळली तर नसेल ना कुणी, नाही म्हणजे गिळणार तरी कशी म्हणा, गोटी पिल्लापेक्षा मोठी, पण मी आपलं बोलून ठेवते." त्यांचा आवाज बारीक होता. मामाला त्यातलं निम्मं ऐकू येई आणि निम्मं ओठांवरून कळे, पण ओठ इतके जोरात चालत की फारसं काही बुडत नसे.

एके सकाळी मामाने एक पिल्लू तळहातावर घेतलं तर ते सारखं चोच उघडत होतं, मिटत होतं. उघडत होतं, मिटत होतं. छाती लपलपत होती. त्याला वाटलं, श्वास लागलाय, छातीचा रोग शिरला की काय खोलीत. असा रोग शिरला की तिन्ही कुंपणं रिकामी होतात. त्याने ते पिल्लू पाणीबाईंच्या पुढे धरलं. "बाई, बघा हो. याला धाप लागलीय का?"

पाणीबाईंनी मान मागे घेतली. "अहो धाप कसली? ओरडतंय ते! नाही म्हणजे कान किटले माझे, आणि तुम्ही विचारताय धाप लागलीय का. हात गार असतील तुमचे."

मामाने ते पिल्लू कानाला लावलं. चोच उघडत होती, मिटत होती. गालाला तिची टोचणी लागत होती. आवाज नव्हता.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने पिल्लू छत्रीखाली सोडलं.

त्या दिवशी तो स्टुलावर बसून हिशेब करत राहिला की नक्की कधीपासून. मागच्या हिवाळ्यात उजव्या कुंपणात साठ मेली होती, ती का मेली? दोन वर्षांपूर्वी एका पहाटे येऊन बघतो तो छत्री गार, ती कधी गार झाली होती? जी पिल्लं गरीब म्हणून त्याने घरी कौतुकाने सांगितली, ती सगळी रडत होती. त्याच्या समोर, त्याच्याकडे बघून.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण पंचावन्न वर्षांच्या, एक कारखाना बुडालेल्या, पत्रा ठोकण्यापलीकडे आणि पिल्लं वाढवण्यापलीकडे काही न येणाऱ्या माणसाने मालकाला जाऊन काय सांगायचं? की तुमच्या दाईला बाळाचं रडणं ऐकू येत नाही? खोली गेली असती. आणि ती खोली म्हणजे त्याच्या लेखी नुसती नोकरी नव्हती. एकवीस वर्षं त्याने पिंपं ठोकली, त्यातलं एकही पिंप त्याच्याकडे बघून धावत आलं नव्हतं.

म्हणून त्याने तोंड मिटून घेतलं आणि डोळ्यांना कामाला लावलं. सकाळी आल्यावर तो जमिनीवर आडवा होऊन छत्रीखाली गाल घालायचा. गालाला जे सोसतं ते पिल्लाला सोसतं. पिल्लं पुठ्ठ्यावर सारखी विखुरली असली तर ठीक. दिव्यांखाली गोळा झाली तर गार, कुंपणाला चिकटली तर गरम, एका बाजूला सरकली तर कुठून तरी वारा येतोय. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण इतरांना ते ऐकून झाल्यावर दिसतं. त्याला फक्त दिसत होतं. म्हणून खाद्याची चाळण चालवताना त्याने नेम केला: शंभर झटके द्यायचे आणि वळून बघायचं. शंभर, आणि वळून बघायचं. शिवाय पाणीबाई होत्याच. त्यांना न सांगता त्याने त्यांचे कान उधार घेतले होते. त्या कुठल्या कुंपणाकडे लगबगीने गेल्या की तोही हळूच, आपल्यालाही आत्ताच ऐकू आल्यासारखा, उठायचा.

आठ महिने हे चाललं. या आठ महिन्यांत खोलीत आधीपेक्षा कमी पिल्लं मेली. मालक खूश. मामा मात्र इतका वाळला की मामी म्हणाली, "त्या दिव्यांखाली तुम्हीच भाजून निघताय वाटतं."

मग ती दुपार आली. थंडीचे दिवस होते. दोन दिवसांची पिल्लं, प्रत्येक कुंपणात पाचशे. दुपारी मामाने ताटल्यांना बोट लावलं तर बुळबुळीत. त्याने पाणीबाईंना सांगितलं, "सगळ्या काढून गरम पाण्याने घासून आणा." नळ अंगणाच्या पार पलीकडे, पंपाजवळ.

"आत्ता? नाही म्हणजे संध्याकाळी घासतेच मी."

"आत्ताच आणा."

बाई टोपलीत ताटल्या भरून गेल्या. मामा पाठ वळवून चाळायला बसला. त्या दिवशीच्या पोत्यात गुठळ्या फार होत्या, आणि बटेराच्या पिल्लाला भुकटीच लागते. त्याने शंभर झटके दिले आणि वळून पाहिलं. तिन्ही कुंपणं ठीक. पुन्हा शंभर, पुन्हा ठीक. तिसऱ्या शंभरानंतर वळला तेव्हा मधल्या कुंपणात बाहेर एकही पिल्लू नव्हतं. सगळी छत्रीखाली गेली होती. स्टुलावरून छत्रीच्या पोटातले दिवे दिसत नाहीत, त्यासाठी वाकावं लागतं. छत्रीच्या कडेखाली पिवळ्या-तपकिरी पाठींची एक घट्ट रांग दिसत होती. हलत नव्हती.

गोळा झाली की गार हे त्याला ठाऊक होतं, पण गारठलेली पिल्लं धडपडतात, ही तर स्वस्थ होती; खाऊन निजली, असं त्याला वाटलं. त्याला बरंसुद्धा वाटलं. तो पुन्हा चाळायला लागला.

मधल्या छत्रीची वायर जळली होती. चारही दिवे विझले होते. पाचशे पिल्लं आधी किंचाळली, मग दिव्यांच्या जागेची उरलीसुरली ऊब शोधत एकमेकांवर चढली, आणि वरची किंचाळत असताना खालची गप्प झाली. मामा झटके मोजत होता. चौथं शतक, वळून पाहिलं, निजलीत. पाचवं शतक, निजलीत.

पाणीबाईंना पंपाजवळ ऐकू आलं. पंप चालू असताना, अंगणाच्या त्या टोकाला. त्या टोपली टाकून धावत सुटल्या. पडदा उडवून आत आल्या तर दाईबुवा स्टुलावर, पाठमोरे, मान खाली घालून एका लयीत चाळतायत, आणि त्यांच्या मागे चार हातांवर ते चाललेलं. बाई "अहो! अहो!" करत होत्या. दाईबुवा वळले ते दाराचा उजेड भिंतीवर पडला म्हणून.

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पुढे बाई माझ्या मामीला म्हणाल्या, "नाही म्हणजे त्यांना काही विचारावंच लागलं नाही."

दोघांनी छत्री उचलली. वरची अठ्ठ्याऐंशी जिवंत होती, ती डाव्या-उजव्या कुंपणात टाकली. खालची चपटी झाली होती, ओली, आणि अजून कोमट. मामा गुडघ्यांवर बसून एकेक उचलून गालाला लावत होता. पाणीबाई म्हणाल्या, "दाईबुवा, पुरे." मग त्यांनी मामाचा हात धरला.

तेवढ्यात मालक लंगडत आला. त्याने ढीग पाहिला, छत्री पाहिली, आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला. "तू कुठे होतास?"

"इथेच."

"इथेच? मग हे आख्ख्या अंगणाला ऐकू आलं, ट्रकवरचा माणूस मला विचारतो काय झालं, आणि तू इथेच?"

मामाने पाणीबाईंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "डोळा लागला, मालक."

झोप माणसाला लागते. झोपलेल्याला हलवून जागं करता येतं, शिव्या देता येतात, पुन्हा असं करणार नाही म्हणून वदवून घेता येतं. मालकाने हे सगळं केलं. अर्धा तास केलं. मामा शिव्या खात उभा होता आणि मनातल्या मनात त्याच्या अंगावरून मणाचं ओझं उतरत होतं. खोली राहिली होती.

मग मालक पाणीबाईंकडे वळला. "आणि तू? हा झोपतो, तर तू जागी नको? एक इथे घोरतोय, दुसरी नळावर गप्पा हाणतीय. कळलं का? तुझी जागा कुठे? खोलीत. तुला तिकडे कडमडायला कुणी सांगितलं होतं?"

पाणीबाईंचं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. त्यांनी दाईबुवांकडे पाहिलं. दाईबुवा जमिनीकडे बघत होते.

"उद्यापासून कटाईला जा," मालक म्हणाला. "तिथे कुणाला डुलकी लागत नाही."

कटाईची शेड म्हणजे फार्मच्या मागची, नाल्याकडची. पाच आठवड्यांची बटेरं क्रेटमधून तिकडे जातात आणि पिशवीतून बाहेर येतात. पाणीबाईंना तिथे उकळत्या पाण्याचं पिंप मिळालं. मेलेलं पाखरू त्यात बुडवायचं, काढायचं, पिसं उपटायची. दिवसाला सातशे. त्यातली पहिल्या आठवड्यातली तुकडी त्यांनीच ताटल्या भरभरून वाढवलेली होती.

आठवड्याने त्या मामाला फाटकाशी भेटल्या. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. मामाने विचारलं, "कसं चाललंय?"

"नाही म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या, आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असं तोंड करून पुढे बोलल्या, "पाणी गरम असतं, हात उकलतात. बाकी माणसं बरी आहेत. तुमच्या खोलीत आता कोण आहे?"

"एक नवीन मुलगी."

"बोलते का?"

"नाही."

"मग पुढ्यात बसत जा पिल्लांच्या. पाठ करू नका."

त्या मामावर रागावल्या असत्या, चार लोकांत ओरडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी तो सावकाश बोलण्याचा उपकार केला आणि मामा जेवेनासा झाला.

रविवारी दुपारी जेवताना त्याने ताट पुढे सरकवलं आणि मामीला आणि मला, मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होते, सगळं सांगितलं. कापसापासून. मामा एवढं बोलू शकतो हे आम्हाला दोघींना ठाऊक नव्हतं. तो बोलायचा थांबल्यावर मामी म्हणाली, "म्हणून मी हाक मारली की तुम्ही येत नव्हता. मला वाटायचं, मुद्दाम."

"काही वेळा मुद्दाम," मामा म्हणाला.

मामी हसली आणि तसंच हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला. मग कडक आवाजात म्हणाली, "त्या बाईचं काय करणार आहात?"

"मालकाला सांगतो."

मला तेव्हा हसू आलं. वाईट होतं ते, पण आलं. "मामा, तू? मालकापुढे तू ‘बरं’ सोडून दुसरा शब्द काढलेला नाहीस. तू जाशील, तो म्हणेल ‘काय रे, कळलं का’, तू म्हणशील ‘बरं’ आणि परत येशील. लावतोस पैज? या शनिवारपर्यंत तू सांगणार नाहीस."

"आणि सांगितलं तर?"

"तर पुढचा अख्खा महिना तुझा दुपारचा डबा मी फार्मवर आणून देईन. चालत."

मामाने ताट पुन्हा जवळ ओढलं. "बरं," तो म्हणाला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी मालक वजनकाट्याशी उभा होता, भोवती चार माणसं. मामा समोर जाऊन उभा राहिला. वाटेत दहा वेळा घोकलेलं वाक्य आठवेना, म्हणून त्याने जे सुचलं ते सांगितलं.

"मालक, मी त्या दिवशी झोपलो नव्हतो."

"मग काय योगासनं करत होतास?"

"जागा होतो. मला पिल्लू ऐकू येत नाही. तुम्ही ऐकू येता. पिल्लू नाही. बाईंना नळावर मीच पाठवलं होतं."

माणसं हसली. मालकाला वाटलं, बाईने डोकं खाल्लं असेल, म्हणून हा नवीन बनाव. तो म्हणाला, "पिल्लू ऐकू येत नाही? बस तिथे." मामा पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसला. मालकाने कुणाला तरी पाठवून खोलीतून एक पिल्लू आणवलं, मामाच्या मागे गेला, आणि पिल्लाला एका पायाने धरून त्याच्या उजव्या कानाशी लटकवलं.

काट्याशी उभ्या माणसांनी तोंडं वाकडी केली. पलीकडून एक कुत्रं उठून आलं. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मामा गुडघ्यांवर हात ठेवून सरळ समोर बघत होता. बराच वेळ झाल्यावर त्याने विचारलं, "आणलं का पिल्लू?"

कुणी हसलं नाही. मालकाने पिल्लू डाव्या कानाशी धरलं. मग खाली घेतलं, सुलट केलं आणि मुठीत धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं वाक्य शिक्क्याशिवाय आलं. "कधीपासून?"

"कळलं ते आठ महिन्यांपूर्वी. झालं कधी, माहीत नाही."

"मग तुला त्या खोलीत मी कसं ठेवू?"

"नका ठेवू. बाईंना आणा. त्यांना नळावरून ऐकू येतं."

"आणि तू?"

मामाने मान नाल्याच्या दिशेने हलवली. "त्यांच्या जागी."

मालक मुठीतल्या पिल्लाकडे बघत म्हणाला, "तिकडे ऐकू येत नसलं तर बरंच आहे." तो हे कुत्सितपणे म्हणाला नाही. त्याला मामाचं बरंच करायचं होतं, आणि त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

गुरुवारी पाणीबाई पिल्लांच्या खोलीत परत आल्या आणि मामा रबरी बूट घालून शेडमध्ये गेला. वस्तीला यातलं काही कुणी सांगितलं नाही. केस कापणाऱ्याने मात्र परस्पर भर घातली की झोपाळू माणसाला शेवटी खाटीक केलं.

एक तारखेला मी डबा घेऊन निघाले. शेडचं दार अर्धं उघडं होतं. आत ट्रकमधून नुकतेच उतरलेले क्रेट एकावर एक रचले होते, आणि त्यातली पाखरं जे काय करत होती ते मला फाटकापासून ऐकू येत होतं. मी दारातून दोनदा हाक मारली. मामा वाफेत उभा होता, पाठमोरा. पाखरू बुडवत होता, काढत होता, आणि एकेका पाखरागणिक ओठ हलत होते. मोजत होता. शंभर झाल्यावर तो वळला, मला बघून हसला, आणि हात पुसून डबा घेतला.

"चालत आलीस ना?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं. उद्या वेळेवर ये."

मी पैज लावताना कॅलेंडर बघितलं नव्हतं. तो महिना एकतीस दिवसांचा होता.